क्वामे एन्क्रुमा: इतका लोकप्रिय नेता सत्तेवरून गेला, तेव्हा त्याच्या बाजूने रस्त्यावर कोणीच का उतरलं नाही?

गोदाकाठ

घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आपल्याकडे भेटतात ते बहुतेक अलिप्ततावादाच्या प्रकरणात. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेतले नेहरू, नासर, टिटो, सुकार्नो आणि त्यांच्या शेजारचे एन्क्रुमा, इथेच ओळख थांबते. त्यांच्या घरच्या राजकारणावर मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय, म्हणून हा धागा.

फेब्रुवारी १९५१ मध्ये हा माणूस तुरुंगात बसून अक्रातून निवडून आला. २३,१२२ पैकी २२,७८० मतं. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला. १९६० च्या अध्यक्षीय मतदानात त्यांना १० लाखांवर मतं, विरोधातल्या जे. बी. डॅन्क्वांना सव्वा लाखाच्या आत. आणि २४ फेब्रुवारी १९६६ ला, ते हनोईच्या वाटेवर पेकिंगला पोचले असताना, लष्कर आणि पोलिसांनी मिळून सत्ता घेतली. अक्रात लोकांनी रस्त्यावर नाच केला, संसदेसमोरचा त्यांचा पुतळा पाडला.

कारणं नेहमी तीन सांगतात: कोकोचे पडलेले भाव, विनाचौकशी अटकेचा कायदा, अमेरिकेचा हात. माझ्या मते ही तिन्ही असूनही ते टिकू शकले असते. कामगार संघटना, शेतकरी परिषद, महिला, तरुण, जे जे स्वतंत्रपणे उभं होतं ते सगळं त्यांनी पक्षात ओढून घेतलं. मग वेळेवर इशारा देणारंही कोणी उरलं नाही आणि वाचवायला येणारंही नाही. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

मुक्ता_क

वाचतेय. कोकोवर कोणीतरी नीट हिशेब मांडून लिहा, सगळी गाडी तिथेच अडते.

खडूफळा

कोकोआधी १९४८ ते ५१ पाहू. ही तीन वर्षं कळल्याशिवाय पुढची पंधरा कळत नाहीत.

एन्क्रुमा नैऋत्य टोकाच्या एन्क्रोफुल गावचे. अचिमोटाला शिक्षकी शिक्षण, १९३५ मध्ये अमेरिकेत लिंकन विद्यापीठ, तिथे दहा वर्षं, मग लंडन आणि ऑक्टोबर १९४५ ची मँचेस्टरची पॅन-आफ्रिकन काँग्रेस. डिसेंबर १९४७ मध्ये मायदेशी परतले ते युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शनचे सरचिटणीस म्हणून (गोल्ड कोस्ट हे घानाचं ब्रिटिश काळातलं नाव). हा वकील आणि व्यापाऱ्यांचा पक्ष होता, सभा घ्यायचा पण शाखा नव्हत्या. एन्क्रुमांनी गावोगाव शाखा काढायला घेतल्या.

२८ फेब्रुवारी १९४८ ला माजी सैनिक निवृत्तिवेतनाचं गाऱ्हाणं घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले होते. चौकात पोलीस अधिकाऱ्याने गोळी चालवली, तिघे माजी सैनिक ठार झाले. आयात मालाच्या महागाईविरुद्धचा बहिष्कार नुकताच संपत होता, शहर आधीच तापलेलं, अक्रात दुकानं जळाली. पक्षाच्या सहा नेत्यांना अटक झाली. घानात त्यांना आजही 'बिग सिक्स' म्हणतात: डॅन्क्वा, ओफोरी-अट्टा, अकुफो-आडो, अको अजेई, ओबेत्सेबी-लॅम्प्टी आणि एन्क्रुमा. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

ज्येष्ठांना टप्प्याटप्प्याने स्वराज्य हवं होतं, एन्क्रुमांना आत्ता. १२ जून १९४९ ला त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली. कार्यकर्ते कोण? प्राथमिक शाळा शिकून शहरात आलेली, दुसऱ्यांच्या ओसरीवर झोपणारी पोरं. लाल-पांढरा-हिरवा झेंडा, कोंबड्याची निशाणी, कर्णे लावलेल्या गाड्या, स्वतःचं वर्तमानपत्र. जानेवारी १९५० मध्ये गांधीजींच्या सत्याग्रहावरून घेतलेली 'पॉझिटिव्ह अॅक्शन' पुकारली: संप, बहिष्कार, असहकार. एन्क्रुमांना तीन वर्षांची सजा झाली.

तुरुंगातून उमेदवारी कशी जमली, हा प्रश्न नेहमी येतो. एक वर्षापेक्षा जास्त सजा असलेल्याला मतदार म्हणून नाव घालता येत नसे. पण एन्क्रुमांची तीन वर्षं म्हणजे एकेक वर्षाच्या तीन वेगळ्या सजा होत्या. या फटीतून नाव लागलं. बाहेर प्रचार के. ए. ग्बेडेमांनी सांभाळला. आतून निरोप यायचे ते पेन्सिलीच्या तुकड्याने शौचालयाच्या कागदावर लिहिलेले. पक्षाने ३८ पैकी ३४ निर्वाचित जागा घेतल्या, गव्हर्नर आर्डेन-क्लार्कने त्यांना सोडलं आणि सरकार चालवायला बोलावलं. सुटून आलेले कार्यकर्ते 'पी. जी.' लिहिलेल्या टोप्या घालून मिरवायचे, म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट.

सह्यकडा

टोप्यांची गोष्ट झकास. आपल्या चळवळीत तुरुंगवाऱ्या मोजायचे, यांनी सरळ पदवीच देऊन टाकली!

मिरगाचा_पाऊस

@मुक्ता_क, घ्या हिशेब.

कोकोची शेंग फोडून गर केळीच्या पानांत सहाएक दिवस आंबवतात, मग दाणे चटयांवर आठवडाभर उन्हात वाळवतात. शेतकऱ्याचं विक्रीचं माप म्हणजे 'लोड', ६० रतल, साधारण २७ किलो. ब्रिटिश टनात असे सव्वासदतीसच्या आसपास लोड बसतात. भाव ठरवायचं कोको मार्केटिंग बोर्ड. हे १९४७ मध्ये ब्रिटिशांनीच काढलेलं. तर्क असा, की जगात भाव चढले तर फरक बोर्डाने ठेवायचा आणि पडले तर त्यातून शेतकऱ्याला सावरायचं.

१९५४ मध्ये जगात भाव टनाला ४५० पौंड स्टर्लिंगच्या वर गेला. एन्क्रुमांच्या सरकारने कायदा करून शेतकऱ्याचा भाव चार वर्षांसाठी लोडला ७२ शिलिंग असा गोठवला. टनावर काढा: सुमारे १३४ पौंड. उरलेले विकासाला. हा कायदा निवडणूक जिंकल्यावर काही आठवड्यांत आला, आणि शेतकऱ्यांची खरी चीड त्यावर होती. कोकोचं मोठं पीक असान्ते प्रांतात. सप्टेंबर १९५४ मध्ये तिथल्या कुमासी शहरात बाफूर ओसेई अकोटोंच्या पुढाकाराने नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली आणि भावाच्या भांडणातून संघराज्याची मागणी निघाली. दोन्ही बाजूंनी घरांवर बाँब पडले. त्यामुळेच ब्रिटिशांनी १९५६ मध्ये आणखी एक निवडणूक घ्यायला लावली. ती एन्क्रुमांनी जिंकली, पण असान्तेतल्या बहुतेक जागा गेल्या.

पुढचा उतार पाहा. १९५९: शेतकरी परिषदेने जाहीर केलं की शेतकरी विकास योजनेला लोडमागे १२ शिलिंग 'स्वेच्छेने' देतील. हातात उरले ६०. १९६१: सक्तीची बचत, आणखी ६ गेले, ५४. १९६५: ४०.

आणि ४० वर का आले? पन्नाशीत लावलेली झाडं एव्हाना भरात आली होती, ढेकण्यांवरची औषधफवारणी सरकारने स्वस्तात पुरवली होती. १९५५-५६ ला अडीच लाख टनांच्या आत असलेलं पीक १९६४-६५ ला पाच लाखांच्या वर गेलं. एवढा माल एकदम आल्यावर १९६५ मध्ये जागतिक भाव टनाला १०० पौंडांच्या खाली उतरला. ५४ शिलिंगांचा दर म्हणजे टनाला १०० पौंड, वर वाहतूक आणि हाताळणी. बोर्डाला प्रत्येक टनामागे तोटा होऊ लागला. ज्या दिवसासाठी गंगाजळी साठवायची होती तो दिवस आला, आणि गंगाजळी खर्च झालेली होती.

शेवंतीचा_वाफा

@मिरगाचा_पाऊस, उत्तम मांडणी. एक पुरवणी जोडते. दाण्यातला ओलावा ७-८ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, त्यामुळे दमट हवेत कोको फार काळ ठेवता येत नाही. भाव पडला की माल रोखून धरता यावा म्हणून टेमा बंदरावर अवाढव्य कोठारं बांधली, दोन लाख टनांच्या हिशेबाने. ती कधीच वापरात आली नाहीत. उद्देश बरोबर होता, पण जगातला निम्म्याहून जास्त कोको दुसऱ्यांकडे असताना एकट्या घानाने माल रोखून भाव चढत नाही.

रोगाचंही सांगायला हवं. चाळिशीत 'स्वोलन शूट' नावाचा विषाणूरोग पसरला. पिठ्या ढेकूण तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि औषध नाही. एकच उपाय, रोगट झाड आणि आजूबाजूची झाडं तोडायची. ब्रिटिशांनी सक्तीने तोडणी केली. निरोगी दिसणारं, फळं देणारं झाड परक्या सरकारचा माणूस येऊन पाडतो, हे पाहून शेतकरी १९४८ च्या असंतोषात आला. एन्क्रुमांच्या पक्षाला गावात शिरायला ही वाट मिळाली, आणि १९५१ ला सत्तेत येताच सक्तीची तोडणी थांबवली गेली. मतांसाठी ठीक, झाडांसाठी घातक.

टिपणवही

गोदाकाठ यांच्या मूळ मुद्द्याशी असहमत. परकीय हात एका वाक्यात निकालात काढता येत नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये एन्क्रुमांचं नववसाहतवादावरचं पुस्तक आलं, अमेरिकेने रीतसर निषेध नोंदवला आणि मदत रोखली. उठावाआधी वॉशिंग्टनला त्याची कुणकुण होती, हे अमेरिकेनेच नंतर खुल्या केलेल्या कागदपत्रांत दिसतं. उठावानंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना गेलेल्या टिपणात आनंद लपवलेला नाही. ज्या देशाचं नव्वद टक्के परकीय चलन दोन-तीन कच्च्या मालांवर अवलंबून आहे, त्याला पतपुरवठा नाकारणं हे शस्त्रच असतं.

आडवाट

@टिपणवही, कुणकुण असणं आणि घडवून आणणं यात अंतर आहे. उठाव करणाऱ्यांची कारणं घरातलीच होती.

सप्टेंबर १९६१ मध्ये घानाच्या सैन्याचे ब्रिटिश प्रमुख अलेक्झांडर यांना काढलं, ते एक ठीक. पण १९६२ आणि १९६४ मध्ये स्वतःवर झालेल्या हल्ल्यांनंतर एन्क्रुमांनी सोव्हिएत प्रशिक्षणाखाली राष्ट्राध्यक्षांची स्वतंत्र रक्षक रेजिमेंट वाढवली. तिला नवी हत्यारं आणि चांगल्या सोयी, नियमित सैन्याला गणवेश आणि सुट्या भागांची टंचाई. जुलै १९६५ मध्ये ओटू आणि अँक्रा या दोन्ही वरिष्ठ जनरलना निवृत्त केलं. पोलिसांची हत्यारं १९६४ च्या हल्ल्यानंतर आधीच काढून घेतलेली, कारण गोळी झाडणारा शिपाई पोलीस होता. म्हणजे पोलीस दुखावलेले, सैन्य दुखावलेलं. पोलीस आयुक्त हार्ली, कुमासीचे कर्नल कोटोका आणि मेजर अफ्रिफा असे तिघे एकत्र आले. एन्क्रुमा २१ फेब्रुवारीला देशाबाहेर गेले, सराव म्हणून तुकड्या उत्तरेकडून अक्राकडे हलल्या. फ्लॅगस्टाफ हाउसवर, म्हणजे एन्क्रुमांच्या निवासस्थान-कार्यालयावर, लढला तो फक्त रक्षक रेजिमेंटचा तळ. त्यातूनच गोदाकाठ यांचा मुद्दा सिद्ध होतो: ज्यांना वेगळं खाऊपिऊ घातलं तेवढेच लढले.

चिंचगुळ

धरण राहिलं की! अकोसोम्बोशिवाय एन्क्रुमा पूर्ण होत नाहीत, आणि मला तरी हे त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

व्होल्टा नदीवर दगडभरावाचं, ११४ मीटर उंच, ६६० मीटर लांब धरण. इटालियन कंत्राटदार. निम्मा पैसा घानाचा, उरलेला जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनकडून. कर्ज मिळण्यासाठी वीज घेणारा खात्रीचा ग्राहक हवा होता. तो म्हणजे कायझर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांचा टेमाचा अॅल्युमिनियम कारखाना, वाल्को. आणि घासाघीस इथेच हरली गेली. वीजदर युनिटला ०.२६२५ सेंट, तीस वर्षांसाठी. शिवाय घानाचं स्वतःचं बॉक्साइट न वापरता बाहेरून अॅल्युमिना आणायची मुभा. म्हणजे खाण घानात, धरण घानात, वीज घानाची, आणि मधला सगळ्यात किफायतशीर टप्पा परदेशात. दर बदलून घ्यायला १९८५ उजाडलं, लष्करी शासक रॉलिंग्जच्या सरकारने तो १.७ सेंटवर नेला.

जलाशय साडेआठ हजार चौरस किलोमीटर. सुमारे ८०,००० माणसं उठली, ७०० हून जास्त गावं बुडाली, ५२ नव्या वसाहती झाल्या. घराची रचना अशी: जोतं आणि छप्पर पूर्ण घराचं, पण भिंती घालून तयार खोली एकच. बाकीच्या खोल्या कुटुंबाने स्वतः बांधायच्या. पाणी ठरल्यापेक्षा लवकर चढलं, शेतजमिनी वेळेत साफ झाल्या नाहीत, आणि एका खोलीत अख्खं कुटुंब, बायका-पोरं आणि म्हातारी, असं दिवस काढू लागलं. पुष्कळजण सोडून गेले.

आरोग्याचा उलटफेर तर अभ्यासण्यासारखा. धरणाच्या जागची वेगवान धार बंद झाली तशी काळी माशी कमी झाली, नदीअंधत्व घटलं. पण संथ पाण्यात शेवाळ-गवत माजलं, त्यावर गोगलगायी, आणि त्यांच्यातून बिल्हार्झिया. काठावरच्या पोरांच्या लघवीत रक्त दिसू लागलं. खालच्या अंगाला पूर येणं थांबलं, त्याबरोबर बायकांचा शिंपल्यांचा धंदाही बसला.

२२ जानेवारी १९६६ ला उद्घाटन झालं. महिनाभरात सत्ता गेली.

सह्यकडा

महिनाभरात!

रानवारा

अवांतर, पण भारताचा संबंध आलाय म्हणून. घानाचं हवाईदल १९५९ मध्ये उभं राहिलं त्यात भारतीय हवाईदलाचे अधिकारी होते, पहिले प्रमुख एअर कमोडोर जसवंत सिंग. आणि वर ज्या फ्लॅगस्टाफ हाउसचा उल्लेख आहे त्या आवारात २००८ मध्ये नवं अध्यक्षीय भवन झालं, ते भारताच्या कर्जातून, आणि बांधलं आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजीने.

मुक्ता_क

@रानवारा, त्याच अक्रातल्या विद्यापीठातून डिसेंबर २०१८ मध्ये गांधीजींचा पुतळा हलवला गेला, हेही लिहायला हवं. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत आफ्रिकनांबद्दल जे लिहिलं त्यावर प्राध्यापकांचा आक्षेप होता. एन्क्रुमांनी गांधीजींचं तंत्र उचललं आणि पुढच्या पिढीने त्यांचा पुतळा नाकारला, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

वकिली_बाणा

आता बिग सिक्सकडे वळू.

जुलै १९५८ चा प्रिव्हेन्टिव्ह डिटेन्शन अॅक्ट: राज्याच्या सुरक्षेला धोका वाटल्यास पाच वर्षांपर्यंत विनाखटला कोठडी. न्यायालयात दाद नाही, कारण सांगितलं की पुरे. स्वातंत्र्याला जेमतेम सोळा महिने झाले होते. डॅन्क्वांनी १९६१ मध्ये अटक झालेल्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला, हरले, आणि त्याच कायद्याखाली स्वतः आत गेले. सुटले, जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा आत. ४ फेब्रुवारी १९६५ ला न्सावामच्या तुरुंगात वारले. ओबेत्सेबी-लॅम्प्टी १९६३ मध्ये कैदेतच गेले.

अको अजेई यांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागतं. १९४७ मध्ये 'एन्क्रुमांना बोलवा' म्हणून पक्षाला सुचवणारे हेच. १ ऑगस्ट १९६२ ला कुलुन्गुगुला एन्क्रुमांवर बाँब पडला, परराष्ट्रमंत्री असलेल्या अजेईंवर आणि आणखी दोन बड्या सहकाऱ्यांवर खटला भरला. डिसेंबर १९६३ मध्ये सरन्यायाधीश अर्कू कोर्सांच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी तिघांना सोडलं. दोन दिवसांत सरन्यायाधीश बडतर्फ. मग विशेष न्यायालयाचा निकाल रद्द करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा कायदा, नवा खटला, फाशी, आणि ती कमी करून कैद. जानेवारी १९६४ मध्ये एकपक्षीय राज्याचा कौल घेतला: बाजूने २७,७३,९२०, विरोधात २,४५२. हे आकडे पाहून कोणाचा विश्वास बसेल? न्यायालय नाही, विरोधी पक्ष नाही, खरं मतदान नाही. माणूस बदलायचा तर बंदूक सोडून एकही वाट ठेवली नव्हती.

टिपणवही

@वकिली_बाणा, सगळं मान्य, पण बाँब खरे होते. कुलुन्गुगुला माणसं मेली, पुढच्या महिन्यांत अक्रात स्फोट झाले, १९६४ मध्ये अंगरक्षक सलिफू डगार्टी एन्क्रुमांना वाचवताना ठार झाला. असान्तेत १९५४ पासून हिंसा चालू होती. तुटू शकणारा नवा देश हातात असलेल्या माणसाची भीती पोकळ नव्हती. आणि जमेची बाजू कोणीच मांडत नाही: १९६१ च्या कायद्याने मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, टेमा बंदर, नवी माध्यमिक शाळांची साखळी, कुमासीचं तंत्रविद्यापीठ. त्या शाळांतून निघालेली माणसंच नंतर घाना चालवत आली आहेत.

खडूफळा

टिपणवही यांच्याशी शिक्षणाबाबत शंभर टक्के सहमत. पण संघटनांच्या मुद्द्यावर मी गोदाकाठ यांच्याकडे. सप्टेंबर १९६१ चा सेकोंडी-टाकोराडीचा रेल्वे आणि बंदर कामगारांचा संप बघा. जुलैच्या अंदाजपत्रकात वर्षाला १२० पौंडांपेक्षा जास्त कमावणाऱ्यांच्या पगारातून पाच टक्के सक्तीची बचत कापायचं ठरलं. रेल्वे कामगार हे एन्क्रुमांचे १९५० चे बिनीचे लोक, पॉझिटिव्ह अॅक्शनमध्ये नोकऱ्या गमावलेले. त्यांचं गाऱ्हाणं वर पोचवायला मध्यवर्ती कामगार काँग्रेस होती, पण १९५८ च्या कायद्यानंतर ती पक्षाचाच हात झालेली. तिने संपकऱ्यांची बाजू घेतली नाहीच, उलट संप बेकायदा ठरला, पुढारी आत गेले. त्याच वर्षी अर्थखात्यातून बाजूला केलेले ग्बेडेमा, १९५१ चा प्रचार उभा करणारे, देश सोडून गेले.

मिरगाचा_पाऊस

शेतकरी परिषदेचंही तसंच. १९६१ मध्ये सगळे खाजगी आणि सहकारी खरेदीदार बाद करून कोको घ्यायचा हक्क एकट्या परिषदेला दिला. म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने भांडणारी संस्था आणि त्याचा माल वजन करून घेणारा एकच. १९६६ नंतरच्या चौकशीत काट्यात फेरफार केल्याच्या तक्रारींचा ढीग निघाला. लोडमागे दोन-तीन रतल जादा मारले तर शेतकऱ्याने तक्रार करायची कुणाकडे? त्याच सचिवाकडे. भाव ५४ चा ४० झाला तेव्हा परिषदेने सरकारला 'शेतकऱ्यांना हे झेपणार नाही' असं सांगितलं नाही, आभाराचे ठराव पाठवले. १९५४ मध्ये असान्तेचे शेतकरी उघड भांडत होते तेव्हा सरकारला निदान कळत तरी होतं की आग कुठे आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार, फार मोलाची भर पडली. टिपणवही, परकीय दबाव मी नाकारत नाही, पण आडवाट आणि मिरगाचा_पाऊस यांनी दिलेला क्रम पाहता तो शेवटचा धक्का वाटतो, पाया नाही.

उठावानंतरचं थोडं. गिनीच्या सेकू टूरेंनी एन्क्रुमांना सहराष्ट्राध्यक्ष केलं. १९५८ मध्ये फ्रान्सने गिनीला वाऱ्यावर सोडलं तेव्हा एन्क्रुमांनी एक कोटी पौंडांचं कर्ज देऊ केलं होतं, त्याची ही जाण. कोनाक्रीत ते परतायची तयारी करत राहिले, देशात उठतील अशा माणसांची वाट बघत. २७ एप्रिल १९७२ ला बुखारेस्टमध्ये उपचार चालू असताना गेले.

आडवाट

आणि उठावाचे नायक कोटोका एप्रिल १९६७ मध्ये दुसऱ्या, फसलेल्या उठावात मारले गेले, अफ्रिफांना १९७९ मध्ये रॉलिंग्जच्या लोकांनी गोळ्या घातल्या. अक्राच्या विमानतळाला कोटोकांचं नाव दिलं गेलं आणि शहरात एन्क्रुमांचं स्मारक. स्मारकाच्या बागेत तोच पाडलेला पुतळा आहे, धड एका चौथऱ्यावर आणि शिर बाजूला वेगळ्या चौथऱ्यावर.

मुक्ता_क

मग आज घानातले लोक कोणाच्या बाजूने आहेत?

वकिली_बाणा

@मुक्ता_क, अजून भांडतात, तेही सुट्टीच्या तारखेवरून. २००९ मध्ये अट्टा मिल्स यांच्या सरकारने एन्क्रुमांचा जन्मदिवस, २१ सप्टेंबर, 'संस्थापक दिन' केला, एकाच संस्थापकाचा. २०१९ मध्ये अकुफो-आडो यांच्या सरकारने तो ४ ऑगस्टला नेला, म्हणजे १९४७ ला डॅन्क्वा आणि मंडळींनी पक्ष काढला ती तारीख, आणि संस्थापक अनेकवचनी झाले. हे अकुफो-आडो बिग सिक्समधल्या अकुफो-आडोंचे चिरंजीव, डॅन्क्वा त्यांच्या नात्यातले. २०२५ मध्ये महामा सरकारने कायदा बदलून पुन्हा २१ सप्टेंबर केला. सरकार बदललं की तारीख बदलते.